तिसऱ्या गणाचा भविष्यकाळ

"हे असं नाही," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी खांद्यावरची पिशवी सावकाश खाली ठेवली.

थडग्यावर लावायचा दगड कारखान्याच्या भिंतीला टेकून उभा होता. राखाडी, तीन फूट उंच, आदल्या संध्याकाळी धुऊन पुसून ठेवलेला. वर बाईंच्या भावाचं नाव, त्याखाली दोन तारखा आणि अगदी तळाशी लॅटिनमधले दोन शब्द. माणसं आपला दगड पहिल्यांदा बघायला येतात तेव्हा रुमाल काढतात, निदान घसा तरी खाकरतात, आणि तेवढा वेळ दगड कोरणारी ती पाठ वळवून छिन्न्या पुसत बसते, हे तिचं ठरलेलं होतं. बाईंनी रुमालाऐवजी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि ते वाक्य म्हटलं. तिने भिंतीवरच्या खिळ्याला अडकवलेली चिठ्ठी काढून आणली. बाईंच्या हातची चिठ्ठी, शाळेच्या फळ्यावर लिहावीत तशी सुटी, सरळ अक्षरं. होर्टोस आमाविट. चिठ्ठीवर व्ही होता. दगडावर बी होता. व्ही इतका स्पष्ट होता की चिठ्ठीला दोष द्यायलाही जागा नव्हती. "एका अक्षराचा फरक झालाय खरा," ती म्हणाली, आणि म्हणतानाच तिला आपल्या आवाजातला तो दुकानदारी नरमपणा ऐकू आला. "एका अक्षराचा नाही, एका काळाचा," बाई म्हणाल्या. "माझा भाऊ गेल्या हिवाळ्यात गेला. त्याने बागांवर प्रेम केलं, असं मी लिहून दिलं होतं. इथे लिहिलंय, तो बागांवर प्रेम करील. केव्हा करील? कोरताना तुम्ही वाचलं नाहीत?" "मी वाचत नाही," ती म्हणाली. "मी कोरते." हे वाक्य तिने आजवर शेकडो वेळा म्हटलं होतं, थोड्या ऐटीतच. ते मुळात तिच्या बाबांचं वाक्य. ऐकणारा हसायचा, आणि गल्लीत जिला ठकठकताई म्हणत ती मोठी कारागीर आहे असं मनात धरून जायचा. बाई हसल्या नाहीत. "किती वर्षं?" त्यांनी विचारलं. "तेवीस. त्याआधी बाबांच्या हाताखाली." बाईंनी पिशवी उचलली, वर्षश्राद्धासारखं काही नाही पण वर्ष भरायच्या दिवशी दगड जागेवर असला तर बरं, एवढं सांगितलं आणि निघून गेल्या. वर्ष भरायला नऊ आठवडे होते.

दगड बदलून द्यायचा यात प्रश्नच नव्हता. तसा दगड खाणीतून मागवायला तिने त्याच दुपारी निरोप धाडला. प्रश्न वेगळाच होता आणि तो तिला धड मांडताही येईना. हात चुकला असता तर तिला कळलं असतं. हात चुकतो तेव्हा मनगटाला आधी कळतं. इथे हात चुकलाच नव्हता. तो बी उत्तम होता. दोन्ही पोटं सारख्या खोलीची, वरचं किंचित लहान, कडा धारदार. तिने पूर्ण मनापासून, सुरेख, चुकीचं अक्षर काढलं होतं. आपल्या लिपीत व च्या पोटात एक तिरकी रेघ ओढली की ब होतो. लहानपणी ती रेघ राहिली म्हणून तिने पट्ट्या खाल्ल्या होत्या. पण तिथे निदान तिला कळायचं की बदक लिहायचं होतं आणि वदक झालं. इथे काय झालं ते कळायला तिच्याजवळ काहीच नव्हतं. तेवीस वर्षं ती ज्या घरात कामाला जात होती, त्या घराच्या बैठकीच्या खोलीत तिने कधी पाऊलच टाकलं नव्हतं, असं काहीसं. शब्दांच्या बाहेरच्या अंगाला ती राहत होती. त्यांची टोकं, त्यांच्यामधली अंतरं, त्यांची सावली, सगळं तिला पाठ होतं. आत काय चालतं हे विचारायचं असतं हेच तिला सुचलं नव्हतं. की सुचू दिलं नव्हतं?

बाबा वरच्या खोलीत असत. एक्याऐंशी वर्षांचे. आयुष्यभर हातोडीचे हादरे खाऊन त्यांची बोटं पांढरी पडली होती, थंडीत तर सदऱ्याचं बटणही लागत नसे. संध्याकाळी तिने चहा देता देता झालेलं सांगितलं. "बाई वाचत बसल्या म्हणून दिसलं," बाबा म्हणाले. "दुसरं कोण बघतंय?" "पण चूक झाली ना?" "झाली. दगड बदलून दे आणि मोकळी हो. अक्षर म्हणजे चित्र, पोरी. वाचायला लागलीस की मन त्या मेलेल्या माणसाकडे जातं आणि हात कुठल्या कुठे." हे त्यांनी तिला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ती चौदा वर्षांची होती. आई त्या वर्षी गेली, घरात कोणीतरी हवं होतं आणि कारखान्यातही कोणीतरी हवं होतं, आणि दोन्ही कोणीतरी तीच होती. शाळा सुटली त्या दिवशी वर्गात काळ चालू होते. साधा भूतकाळ झाला होता, अपूर्ण भूतकाळ फळ्यावर अर्धा होता. तो पुढे काय झाला हे तिला कधी कळलं नाही. गंमत म्हणजे तिला इतक्या वर्षांत त्याची उणीवही भासली नव्हती. बोलताना काळ आपोआप येतात. बोलताना आपण कुठे मोजतो?

चौथ्या दिवशी ती बाईंच्या दारात उभी राहिली. बाईंनी दार उघडलं, तिच्या हातात काही नाही हे पाहिलं आणि वाट अडवूनच म्हणाल्या, "दगड आला का?" "यायचाय. मला शिकायचंय," ती म्हणाली. "काय?" "ते दोन शब्द." बाई म्हणाल्या, "दोन शब्द आत्ता सांगते. पहिल्याचा अर्थ बागांना, दुसऱ्याचा अर्थ प्रेम केलं. झालं." "नाही," ती म्हणाली. "व्ही असला की झालेलं आणि बी असला की व्हायचं, हे कुठून कळतं, ते." बाईंनी तिच्याकडे पाहिलं. एकतीस वर्षं त्यांनी मोठ्या शाळेत लॅटिन शिकवलं होतं आणि निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली होती. दूधवालासुद्धा त्यांना बाईच म्हणायचा. "तुमचं वय?" "एकोणपन्नास." "पाठांतर?" "गिऱ्हाइकांच्या तारखा पाठ असतात." "तारखा संपतात. ही संपत नाहीत," बाई म्हणाल्या. "सकाळी साडेसहा. उशीर चालणार नाही. वही घेऊन या, रेघांची."

अशी ती रोज सकाळी जाऊ लागली. बाईंच्या स्वयंपाकघरातलं टेबल, त्यावर प्लॅस्टिकचं टेबलक्लॉथ, खिडकीत भावाने लावलेल्या कुंड्या, त्यातल्या दोन वाळलेल्या. पहिल्याच दिवशी बाई म्हणाल्या, "आमो म्हणजे मी प्रेम करतो. चालवा." "काय चालवू?" तिला खरंच कळलं नाही. मग आठवलं, शाळेत असंच म्हणायचे, रूपं चालव. आमो, आमास, आमाट. मी करतो, तू करतोस, तो करतो. करणारा वेगळा सांगायचीच गरज नाही. शब्दाच्या शेपटीत तो बसलेला. दुसरं रूप म्हणताना ती बाईंकडे बघत होती आणि अर्थ सांगताना अडखळली. "तुम्ही... तू प्रेम..." "तूच," बाई म्हणाल्या. "त्या भाषेत आदरार्थी नाही. सम्राटालाही तू." तिला हसू आलं आणि ते दाबताना ठसका लागला. बाईंनी पाण्याचा पेला पुढे सरकवला, तोही चेहऱ्यावरची घडी न मोडता. मग भविष्यकाळ आला. आमाबो, आमाबिस, आमाबिट. तिच्या बोटांना तो शब्द ओळखीचा होता. तो तिने दगडात पाव इंच खोल काढला होता. पण आता तो एकटा नव्हता. त्याच्या आधी दोन होते, त्याच्यामागे तीन. एका कुटुंबातला माणूस चुकून भलत्याच घरात जाऊन जेवायला बसावा, तसं त्याचं झालं होतं, आणि ते सगळं कुटुंब आता तिच्यापुढे उभं होतं. "आणि आमाबाट म्हणजे?" तिने विचारलं, कारण तक्त्यात तेही होतं. "करत होता. करत असे," बाई म्हणाल्या. "अपूर्ण. मला ते नको होतं. आमाविट म्हणजे केलं, पुरं केलं. माझ्या भावाने आयुष्यात अर्धवट काही ठेवलं नाही. गेला तेव्हा गुलाबांची छाटणीसुद्धा उरकलेली होती." हे बोलून बाई उठल्या आणि उगाचच ओटा पुसू लागल्या. ती वहीत बघत राहिली. अपूर्ण भूतकाळ. पस्तीस वर्षांपूर्वी अर्धा राहिलेला तक्ता इथे, दुसऱ्या भाषेत, पुरा होत होता. ती तिथे थांबली नाही. खाली अजून चार ओळी होत्या.

नवा दगड आला आणि मग बाबांचं खरं होऊ लागलं. आधी एका सहा वर्षांच्या मुलीच्या दगडाचं काम होतं. नाव, मग व्हिक्सिट, मग सहाचा आकडा. हा शब्द तिने कितीदा काढला असेल याची गणती नव्हती. नुसत्या सरळ आणि तिरक्या रेघा, गोलाई एकही नाही, सोपा शब्द. आता मात्र पहिल्या अक्षराला छिन्नी लावली आणि आतून आवाज आला, जगली. पुरी झालेली क्रिया. सहा वर्षं, आणि पुरी. हात थांबला. तिने पाणी प्यायलं, पुन्हा बसली, पुन्हा थांबला. जे काम सकाळचं होतं ते तिसऱ्या दिवशी संपलं. मग बाईंच्या भावाचा दगड घेतला. नाव नीट झालं, तारखा झाल्या, होर्टोस झालं. आमाविटच्या एमपाशी ती आली तेव्हा तिचं लक्ष एमवर नव्हतंच, पुढे येणाऱ्या व्हीवर होतं. व्ही, करील नाही, केलं, पुरं केलं, गुलाबांची छाटणी. आणि हातोडी जरा जड पडली. टवका उडाला. एमचा पाय तुटून दगडात वाटाण्याएवढा खळगा पडला. तिने हातोडी खाली ठेवली. आवाज थांबला की बाबांना वर कळत असे. ते भिंत धरून खाली आले, खळगा पाहिला, पांढऱ्या बोटाने चाचपला. "सांगितलं होतं," ते म्हणाले. रागाने नाही, दमून. "दोनातलं एक ठेव आता. वाचणं ठेव, नाहीतर हात ठेव." "दोन्ही ठेवीन," ती म्हणाली. "जमत नाही ते." "तुम्हाला कसं माहीत?" बाबा भिंत धरून वळले. जिना चढताना ते प्रत्येक पायरीवर थांबत होते ते तिला ऐकू येत राहिलं.

तिसरा दगड मागवला, आणि तो यायच्या आत तिने टाकाऊ तुकडे गोळा केले. मागच्या अंगणात वीस वर्षांचे तुकडे पडले होते. सकाळी बाईंकडे जे झालं ते परत आल्याबरोबर तुकड्यावर काढायचं, तेही मोठ्याने म्हणत. एका रूपाला एक दम. सेडेओ, ठक, सेडेस, ठक, सेडेट. मी बसतो, तू बसतोस. पहिले आठ दिवस अर्थ आला की हात अडायचा; ती त्याला अडू द्यायची आणि पुढचा घाव घालायचीच. गल्लीतली मुलं फाटकाशी जमून तिच्यामागे घोकू लागली, आणि एकाने तर बेडकासारखं डराव डराव करून सगळ्यांना हसवलं. तीही हसली आणि हसता हसता तिचा घाव नेमका पडला. नंतर तिला ते लक्षात आलं. अर्थ आला होता, हसू आलं होतं, आणि हात आपलं काम करत होता, जशी माणसं चालता चालता बोलतात. बाबांनी सांगितलं होतं तसं मन आणि हात यांचं भांडण नव्हतं. त्यांची नुसती ओळख करून द्यायची राहिली होती. पण हे एका दिवसात झालं नाही, आणि मधले दिवस वाईट होते. त्या दिवसांत ती रविवारी स्मशानभूमीत जाऊन आपलेच दगड वाचत फिरायची, वही घेऊन, चोरासारखी. तेवीस वर्षांचे दगड. तीन चुका सापडल्या. दोन दगडांच्या घरचं आता कोणीच उरलं नव्हतं. तिसरा एका ट्रामचालकाचा होता. त्याची बायको दोन गल्ल्या सोडून राहायची. ती तिच्याकडे गेली, उभ्या उभ्याच सांगितलं. "रेक्विएस्काट हवं होतं, विश्रांती घेवो. मी रेक्विएस्किट काढलं. म्हणजे विश्रांती घेतो आहे, असं झालं. मी बदलून देते." ट्रामचालकाची बायको मटार सोलत होती. तिने दोन शेंगा सोलेपर्यंत विचार केला. "घेतो आहे?" "हो." "मग राहू दे की. चाळीस वर्षं पहाटे चारला उठला तो माणूस. घेवो काय, घेतोच आहे." आणि तिने मटारांचं ताट पुढे केलं, खा म्हणून. घरी येताना तिला हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. ट्रामचालकाच्या बायकोला चालत होतं म्हणून चूक बरोबर होत नव्हती, आणि पुढच्या माणसाला चालणार नव्हतं.

तिसऱ्या गणापर्यंत पोचायला पाच आठवडे लागले. क्रियापदांचे चार गण, आणि बाईंनी आधीच बजावलं होतं की तिसरा सगळ्यांना आडवा करतो. "पहिल्या दोघांत भविष्यकाळाला बी लागतो, तुमचा तो प्रसिद्ध बी," बाई म्हणाल्या. असा खवचटपणा आता त्या अधूनमधून करत. "तिसऱ्यात बी नाही. आतला एक स्वर फक्त बदलतो. डिस्कुंट, ते शिकतात. डिस्केंट, ते शिकतील. ऐकायला काहीच नाही, आणि काळ बदलतो." ती रूपं पुटपुटत घरी निघाली. वाटेत मोठी शाळा लागायची, रोजच लागायची. हीच तिची शाळा; लॅटिन वरच्या वर्गांना असे, तिथवर ती पोचलीच नव्हती. दारावरची कमानीची शिळा बाबांनी काढलेली होती, तिशीत असताना. लग्न झाल्यावर आईला ती दाखवायला आणलं होतं असं आई सांगायची. त्या शिळेखालून ती चौदा वर्षांची होईतो रोज आत गेली होती आणि तिने वर मान करून कधी वाचलं नव्हतं, कारण तिथे वाचण्यासारखं काही आहे असं कोणी म्हणालंच नव्हतं. त्या सकाळी ती डिस्कुंट, डिस्केंट म्हणत येत होती आणि मान आपोआप वर गेली. हिक डिस्केंट. इथे शिकतील. ती रस्त्याच्या मधोमध थांबली आणि मागून येणाऱ्या सायकलवाल्याने घंटा वाजवली. शिकतील? दारावर कोणी शिकतील लिहील? इथे शिकतात, असंच द्यायचं असणार. तिला पहिल्यांदा आठवलं की बाबा या रस्त्याने कधीच येत नसत. शाळेत पोचवायचं असलं तर ते गिरणीवरून लांबचा वळसा घ्यायचे आणि मागच्या दाराशी तिला सोडायचे. गर्दी नसते, म्हणायचे.

घरी आल्यावर तिने चप्पलही काढली नाही. "शाळेच्या दारावर तुम्हाला काय लिहून दिलं होतं?" बाबा खिडकीशी बसले होते. त्यांनी वळून पाहिलं नाही. मग म्हणाले, "तिथं शीर होती." "कसली?" "दगडात. बरोबर दुसऱ्या शब्दातल्या पाचव्या अक्षराखाली. चिठ्ठीत व्ही होता, जुन्या पद्धतीचा, यूच्या जागी. व्हीची तिरकी रेघ शिरेवरून गेली असती तर अर्धी शिळा ढासळली असती. शिळा चढवायला दोन दिवस राहिले होते. मुख्याध्यापकांना काय सांगणार? ईच्या रेघा उभ्याआडव्या. शिरेला चुकवून बसल्या." त्यांनी हात मांडीवर उताणे ठेवले आणि त्यांच्याकडे बघत राहिले. "म्हटलं, कोण वाचतंय. उद्घाटनाला सगळे टाळ्या वाजवून गेले. मग रोज वाटायचं, आज कोणीतरी येईल. पन्नास वर्षं झाली." तिला रागवायचं होतं. रस्ताभर तिने रागाची तयारी केली होती. वाचू नकोस, वाचू नकोस म्हणून माझे तेवीस वर्षांचे दगड आंधळे केलेत, असं म्हणायचं होतं. पण समोर बसलेल्या माणसाला हात थरथरेल याची भीती कधीच नव्हती, हे तिला दिसलं. त्याला वाचणाऱ्यांची भीती होती. आणि त्या भीतीचा त्याने कारागिरीचा नियम करून तो आपल्या मुलीला दिला होता, खरा मानूनच दिला होता. "शीर कुठल्या बाजूने होती?" तिने विचारलं. बाबांनी मान वर केली. बोटाने हवेत तिरकी रेघ काढून दाखवली. "मग मीही ईच काढला असता," ती म्हणाली. "पण सांगितलं असतं."

दुसऱ्या दिवशी तिने बाईंना सांगितलं.  बाईंनी ऐकलं आणि चष्मा काढून ठेवला. "तुमच्या वडिलांनी काढलाय तो?" त्या म्हणाल्या, आणि मग अशा हसल्या की तिला भीतीच वाटली. "अहो, पहिल्या दिवशी नोकरीवर गेले तेव्हाच पाहिला मी तो. दर वर्षी लॅटिनच्या नव्या वर्गाला पहिला तास मी दाराबाहेर घ्यायचे. वर बघा म्हणायचे. आत गेलेल्यांबद्दल लिहिलंय की अजून जायचंय त्यांच्याबद्दल? एकतीस वर्षं. तेवढ्यावर तिसरा गण मुलांच्या डोक्यात बसायचा." "कोणाला बदलावंसं वाटलं नाही?" "व्याकरणात चूक नाही. शब्द खरा आहे. मुख्याध्यापकांनी मागितला होता तो नाही, एवढंच." हे तिने घरी जाऊन जसंच्या तसं सांगितलं. बाबा आधी कानकोंडे झाले. "दर वर्षी? पोरांसमोर?" "दर वर्षी." "नाव घ्यायच्या माझं?" "नाव माहीतच नव्हतं त्यांना." बाबा रात्रीच्या जेवणात एकदम म्हणाले, "म्हणजे बघत होते लोक." त्यात लाज होती की आणखी काही, ते तिला ठरवता आलं नाही, आणि तिने ठरवलंही नाही.

सकाळी ती बाईंकडून परतली तर बाबा खाली कारखान्यात स्टुलावर बसलेले. तिसरा दगड येऊन उभा होता. त्यांची बोटं छिन्नी धरू शकत नव्हती, पण पट्टी दाबून धरता येत होती. त्यांनी पट्टी धरली, तिने खुणा केल्या. नाव, तारखा. होर्टोस. मग आमाविटला ती थांबली, हातोडी तोलली आणि मोठ्याने म्हणाली, आमावी, आमाविस्टी, आमाविट. "म्हणजे काय?" बाबांनी विचारलं. उभ्या आयुष्यात त्यांनी शब्दाबद्दल विचारलेला हा पहिला प्रश्न होता. "मी प्रेम केलं, तू केलंस, त्याने केलं." "आणि केलं म्हणजे संपलं?" "संपलं नाही. पुरं झालं." बाबांनी जरा विचार केला आणि पट्टी घट्ट दाबली. व्हीची पहिली तिरकी रेघ उतरली. तिच्या मनात गुलाब होते, वाळलेल्या दोन कुंड्या होत्या, ओटा पुसणारा हात होता. सगळं होतं, आणि हात चालत होता. वर्ष भरायच्या चार दिवस आधी दगड जागेवर बसला. बाई आल्या, त्यांनी तो वाचला, दोनदा वाचला, आणि या वेळी रुमाल काढला. तिने पाठ वळवली नाही.

त्यानंतर शिकायचं काही कारण उरलं नव्हतं, असं बाबांना वाटलं. ती मात्र जातच राहिली. चौथा गण झाला, कर्मणी प्रयोग झाला. मग एके दिवशी बाईंनी वही जवळ ओढली, दूर धरली, तिरकी केली, आणि बंद केली. "डोळ्यांच्या मधलं गेलंय," त्या म्हणाल्या. "कडेचं दिसतं. माणूस येताना दिसतो, त्याचं तोंड दिसत नाही. डॉक्टर म्हणतात, आता हे असंच. इथवर तोंडी चाललं असतं. पुढे अनियमित क्रियापदं आहेत, ती डोळ्याखालून घातल्याशिवाय मी कोणाला शिकवलेली नाहीत. तेव्हा थांबू या." त्या इतक्या सरळपणे बोलल्या की वाद घालायला कुठे फट नव्हती. ती वही घेऊन निघाली. दारात तिने विचारलं, "पुढचं कुठलं होतं?" "फेर्रे," बाई म्हणाल्या. "वाहून नेणे. विचित्र आहे. वर्तमानकाळात फेरो आणि भूतकाळात तुली." "आपलं जातो आणि गेला, तसं?" बाईंनी आवाजाच्या दिशेने तोंड वळवलं. "तसंच," त्या म्हणाल्या. "तक्ता पुस्तकाच्या शेवटी आहे. पण तपासायला कोणी नाही हं."

ती घरी गेली आणि पाटीच्या दगडाचा एक तुकडा घेऊन बसली. काळा, गुळगुळीत, हातभर लांब. पुस्तक उघडून तक्ता एकदा वाचला, मग पुस्तक मिटलं, कारण बघून लिहिलेला गृहपाठ बाईंनी कधीच मान्य केला नव्हता. अक्षरं इंचभर उंच घेतली आणि नेहमीपेक्षा खोल. सहा रूपं, सहा ओळी. दिवस मावळायच्या आत झालं. सकाळी साडेसहाला तो तुकडा गोणपाटात गुंडाळून, पिशवीत घालून, पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेत ती निघाली. वाहून नेणे. वाटेत तिला हे क्रियापद चांगलंच पाठ झालं. बाईंनी दार उघडलं. "कोण? थांबू या म्हटलं होतं ना मी?" तिने दाराच्या पायरीवर गोणपाट पसरलं, दगड त्यावर ठेवला, बाईंचा हात धरून त्यांना पायरीवर बसवलं आणि बोट पहिल्या अक्षरावर नेऊन ठेवलं. बाईंचं बोट काही क्षण तिथेच राहिलं. मग सरकलं. फेरो, बाई म्हणाल्या. फेर्स. फेर्ट. बोट हळू चालत होतं, प्रत्येक कडेला थांबत, तिचे स्वतःचे हात चालतात तसं. फेरिमुस. मग पाचव्या ओळीत ते अडलं, मागे आलं, पुन्हा पुढे गेलं, आणि अडलं. "हे काय आहे?" "फेरिटिस," ती म्हणाली. "फेर्टिस," बाई म्हणाल्या. "मधला आय नाही. अनियमित आहे म्हणून तर सांगितलं तुला." सांगितलं तुला. बाईंच्या तोंडून तू पहिल्यांदा आलं होतं, आणि बहुधा बाईंच्या लक्षात नव्हतं. "उद्या बरोबर करून आण," त्या म्हणाल्या, बोट अजून त्या चुकीवर ठेवून.

दगड पलटायला दोन्ही हात लागले. मागची बाजू कोरी होती. तिने पिशवीत हात घालून छिन्नी आणि हातोडी बाहेर काढली, पायरीवर मांडी ठोकली, आणि बाई शेजारीच बसून ऐकत असताना पहिलं अक्षर खोदायला घेतलं.